गोळा हवेत असताना : घरच्या पडद्यावरील आरमारी लढाईचा इतिहास

9 जुलै 1940 रोजी इटलीच्या कालाब्रिया किनाऱ्यापलीकडच्या समुद्रात ब्रिटिश युद्धनौका वॉरस्पाइटने डागलेला एक गोळा जुलिओ चेझारे या इटालियन युद्धनौकेवर जाऊन आदळला. दोन जहाजांमधले अंतर होते सुमारे 24 किलोमीटर. चालत्या जहाजावरून चालत्या जहाजावर इतक्या लांबून लागलेला नेम आरमारी इतिहासात फार क्वचित सापडतो. पण या घटनेत पल्ल्यापेक्षाही विचार करण्याजोगी गोष्ट आहे ती वेळ. तो गोळा अर्ध्या मिनिटाहून अधिक काळ हवेत होता. ताशी 27 सागरी मैल वेगाने जाणारे जहाज तीस सेकंदांत चारशे मीटरहून पुढे सरकते, म्हणजे चेझारेसारख्या जहाजाच्या दुप्पट लांबीइतके. तोफ डागताना जहाज जिथे दिसत होते तिथेच गोळा पडला असता, तर नुसते पाणी उडाले असते. आरमारी तोफखान्याचे सगळे शास्त्र या मधल्या वेळेभोवती उभे आहे आणि माझ्या मते घरच्या कन्सोलवर खेळल्या जाणाऱ्या आरमारी खेळांचा इतिहासही तिच्याभोवतीच फिरतो. हे खेळ म्हणजे निळ्या रंगात बुडवलेले गोळीबाराचे खेळ, अशी एक समजूत आहे. ती इतिहासाला धरून नाही. त्यांची वंशावळ दोनशेहून अधिक वर्षांच्या युद्धखेळांच्या परंपरेशी जोडलेली आहे आणि ज्या खेळाने गोळा सुटणे व गोळा लागणे यांतली वेळ जपली, तोच खऱ्या अर्थाने आरमारी राहिला.

हे हिशेबाचे काम किती अवघड होते याची कल्पना जटलंडच्या लढाईवरून येते. 31 मे 1916 रोजी उत्तर समुद्रात ब्रिटिश आणि जर्मन आरमारे समोरासमोर आली. दोन्ही बाजूंनी मोठ्या तोफांचे हजारो गोळे डागले गेले आणि शंभर गोळ्यांमागे जेमतेम तीन लागले. तोफा वाईट नव्हत्या, गोलंदाजही अडाणी नव्हते. आपला वेग व दिशा, शत्रूचा वेग व दिशा, वारा, तोफेची झीज, दारूचे तापमान हे सगळे एकाच वेळी बदलत असताना शत्रू अर्ध्या मिनिटाने कुठे असेल हे ठरवायचे होते. त्यासाठी ब्रिटिशांनी ड्रेयर टेबल नावाचे यांत्रिक गणनयंत्र जहाजाच्या पोटात बसवले. अमेरिकेत हॅनिबल फोर्ड यांनी ‘रेंजकीपर’ तयार केले. दातेरी चाके, तबकड्या आणि दांडे यांनी बनलेली ही यंत्रे सतत बदलणारे अंतर स्वतःच हिशेबाने काढत राहत. म्हणजे चालत्या लक्ष्याच्या पुढच्या जागेचा अंदाज बांधणे, हे संगणकाला फार लवकर नेमून दिलेल्या कामांपैकी एक होते. पुढे घरच्या दूरचित्रवाणी संचाला जोडलेल्या यंत्राने हेच काम करमणुकीसाठी मांडले, तेव्हा जुन्याच विद्येची जागा बदलली. ज्या हिशेबासाठी जहाजात एक खोलीभर माणसे लागत, तो आता एका खेळाडूच्या डोळ्यांवर आणि अंगठ्यावर आला.

या दोन टोकांना जोडणारा दुवा म्हणजे आरमारी युद्धखेळ. स्कॉटलंडमधल्या एल्डिनचे जॉन क्लार्क कधी आरमारात नव्हते. तरीही अठराव्या शतकात त्यांनी टेबलावर छोटी लाकडी जहाजे मांडून शिडांच्या लढाईचे डाव तपासले आणि त्यावरून नौदल-डावपेचांवर ग्रंथ लिहिला. 1898 साली फ्रेड टी. जेन यांनी आपला आरमारी युद्धखेळ विक्रीला आणला. त्यात खेळाडूसमोर शत्रूच्या जहाजाचे चित्र असलेला पुठ्ठा असे आणि त्यावर टोचणी लावलेल्या काठीने प्रहार करायचा असे. टोचणी काठीच्या अगदी मधोमध नसल्यामुळे ज्या बिंदूवर नेम धरला तिथेच ती टेकेल याची खात्री नसे. गोळ्यांचे विखुरणे दाखवण्याची ही साधी पण नेमकी युक्ती होती. गोळा लागला तरी प्रश्न उरतच असे. तिथले चिलखत किती जाड? त्यामागे काय, बॉयलर की दारूगोळा? हे ठरवायला प्रत्येक जहाजाचा तपशील हवा. त्याच वर्षी जेन यांनी जगातल्या लढाऊ जहाजांची सचित्र सूची प्रसिद्ध केली आणि ती या खेळाला पूरक म्हणूनही वापरली गेली. आज नौदलांच्या कचेऱ्यांत प्रमाण मानल्या जाणाऱ्या संदर्भग्रंथाच्या मुळाशी खेळाची गरजही होती, ही गोष्ट खेळाला पोरकट समजणाऱ्यांनी लक्षात घ्यावी.

अमेरिकेतल्या न्यूपोर्ट येथील नेव्हल वॉर कॉलेजात मॅककार्टी लिटल यांनी 1880च्या दशकात युद्धखेळ रुजवला. दोन महायुद्धांच्या दरम्यान तिथल्या फरशीवर पॅसिफिक महासागरातल्या लढाईचे डाव वर्षानुवर्षे मांडले गेले. ॲडमिरल निमिट्झ यांनी युद्धानंतर सांगितले की पॅसिफिकमध्ये जे घडले त्यात कामिकाझे हल्ले वगळता अनपेक्षित असे काही नव्हते, कारण बाकीचे सगळे आधी खेळून झाले होते. पण आजच्या पडद्यावरच्या खेळाशी सर्वांत जवळचे नाते आहे ते लिव्हरपूलच्या एका खोलीचे. जानेवारी 1942 मध्ये कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स यांनी तिथे डर्बी हाउसमध्ये वेस्टर्न ॲप्रोचेस टॅक्टिकल युनिट सुरू केले. क्षयामुळे निवृत्त झालेला हा अधिकारी आणि महिला नौदलातल्या तरुण मुली यांनी जमिनीवर चौकटी आखल्या, लहान लाकडी जहाजे ठेवली आणि खडूने त्यांचे मार्ग काढले. पाणबुडीचा मार्ग एका रंगात, संरक्षक जहाजांचा दुसऱ्या. संरक्षक जहाजाचा कप्तान झालेला खेळाडू कापडी पडद्यामागे बसे आणि पडद्याच्या फटीतून त्याला तेवढेच दिसे, जेवढे भर समुद्रात रात्री खऱ्या कप्तानाला दिसले असते. हुकूम चिठ्ठीवर लिहायचा, ठरलेल्या मिनिटांत लिहायचा, आणि मग तो अमलात आल्यावर काय झाले ते पाहायचे.

या खोलीने सिद्ध केलेली गोष्ट मोठी आहे. जर्मन पाणबुड्या ताफ्याच्या बाहेरून लांबून टॉर्पेडो सोडतात असा समज होता. जमिनीवरचे डाव पुन्हा पुन्हा मांडल्यावर दिसले की वेळ आणि अंतर यांचा मेळ तसा बसत नाही. पाणबुडी रात्री पृष्ठभागावरून, पाठीमागून, ताफ्याच्या रांगांमध्येच शिरत असली पाहिजे. त्यावरून ‘रास्पबेरी’ नावाचा प्रतिडाव ठरला आणि अटलांटिकवर तो वापरला गेला. पुढे ॲडमिरल मॅक्स हॉर्टन, जे पहिल्या महायुद्धात स्वतः नामांकित पाणबुडी-कप्तान होते, या खेळात पाणबुडीच्या बाजूने बसले आणि जॅनेट ओकेल या तरुण मुलीने त्यांना एकामागून एक डावांत पकडले. अपुरी दृष्टी, मर्यादित वेळ, हुकूम आणि परिणाम यांतले अंतर, ही त्या खोलीची तीन अंगे होती. घरच्या कन्सोलवरील चांगल्या आरमारी खेळात नेमकी हीच तीन अंगे सापडतात. पंचाचे काम तेवढे यंत्राकडे गेले आहे, आणि तो बदल किती मोलाचा आहे हे जपानी आरमाराच्या उदाहरणावरून कळते. मिडवेच्या मोहिमेपूर्वी यामातो जहाजावर तिचा युद्धखेळ झाला. मित्सुओ फुचिदा यांच्या युद्धोत्तर पुस्तकातील नोंदीनुसार, अमेरिकन बाँबचे नऊ मारे लागल्याचा निर्णय आला तेव्हा मुख्य पंच उगाकी यांनी ते तीनवर आणले. जून 1942 मधल्या खऱ्या लढाईत आकागी आणि कागा यांसह जपानची चार विमानवाहू जहाजे बुडाली. पंचाला हुद्द्याची भीड पडली की खेळ शिकवेनासा होतो. यंत्राला अशी भीड नसते.

घरापर्यंत पोचण्यापूर्वी हा खेळ दोन वाटांनी लोकांत आला. पहिली वाट कागदाची. चौकटीत जहाजे लपवून आकड्या-अक्षरांनी मारा करण्याचा पेन्सिलीचा खेळ पहिल्या महायुद्धाच्या सुमारास युरोपात परिचित होता आणि 1967 साली मिल्टन ब्रॅडली कंपनीने तो ‘बॅटलशिप’ नावाने प्लॅस्टिकच्या पेटीत आणला. जगभर पसरलेला हा खेळ नावाने आरमारी आहे, पण त्यातली जहाजे हलत नाहीत. जिथे गती नाही तिथे काळाचा हिशेब नाही, फक्त जागेचा शोध आहे. दुसरी वाट जत्रेसारख्या आर्केडची. 1960च्या दशकाच्या मध्यावर सेगाच्या ‘पेरिस्कोप’ या प्रचंड यंत्रात खेळाडू पाणबुडीच्या दुर्बिणीतून साखळीवर सरकणारी पुठ्ठ्याची जहाजे पाही. कळ दाबली की टॉर्पेडोऐवजी पाण्याखाली दिव्यांची एक ओळ क्रमाने पेटत जाई. एकेक दिवा पुढे सरकायला लागणारा वेळ म्हणजेच टॉर्पेडोचा प्रवास. जहाज दिव्यांच्या ओळीसमोर यायच्या आधी कळ दाबायची असे. अमेरिकेत या यंत्राने एका डावाला पाव डॉलर आकारण्याची प्रथा रुजवली, आणि 1976 साली मिडवे कंपनीच्या ‘सी वुल्फ’ने दिव्यांच्या जागी व्हिडिओ पडदा आणला, दुर्बीण मात्र तशीच ठेवली. या दोन वाटांपैकी कन्सोलने दुसरी धरली. माझ्या मांडणीचा हा पहिला पुरावा आहे. पेटीतला बॅटलशिप कितीतरी अधिक घरांत होता, तरी पडद्यावर वंश वाढला तो दिव्यांच्या ओळीचा.

1977 साली अटारीचा व्हिडिओ कॉम्प्युटर सिस्टिम हा कन्सोल बाजारात आला. त्याच्यासोबतच्या पहिल्या नऊ काडतुसांपैकी एक होते लॅरी कॅप्लन यांनी लिहिलेले ‘एअर-सी बॅटल’. या यंत्राची कार्यस्मृती अवघी 128 बाइट्सची. इतक्या तुटपुंज्या साधनांत डोंगर, रस्ते, इमारती रंगवणे महाग होते. समुद्र मात्र स्वस्त होता. पट्ट्यापट्ट्यांची निळी पार्श्वभूमी आणि तिच्यावरून आडवी सरकणारी काही आकृत्या, एवढ्याने काम भागत असे. सुरुवातीच्या कन्सोलवर आरमारी विषय इतक्या सहजी का आला याचे एक कारण या काटकसरीत आहे. या काडतुसात 27 प्रकार होते आणि त्यांत एक महत्त्वाचा प्रयोग दडलेला होता. काही प्रकारांत पाणबुडीतून सुटलेला टॉर्पेडो सरळ जाई, त्यामुळे जहाजाच्या पुढे नेम धरणे भाग होते. काही प्रकारांत मात्र सुटल्यानंतरही जॉयस्टिकने क्षेपणास्त्र वळवता येई. पहिल्या प्रकारात कळ दाबण्याच्या क्षणीच निर्णय पक्का होतो आणि नंतर फक्त परिणामाची वाट पाहायची असते. दुसऱ्यात निर्णय शेवटपर्यंत दुरुस्त करता येतो आणि म्हणून त्याला वजन राहत नाही. एकाच काडतुसात, एकाच चित्रात, एक खेळ आरमारी आहे आणि दुसरा नाही. फरक चित्राचा नसून चुकलेला हुकूम परत घेता येतो की नाही याचा आहे.

मॅटेलच्या इंटेलिव्हिजन कन्सोलवर 1980 साली आलेल्या ‘सी बॅटल’ने लिव्हरपूलच्या फरशीकडे जाणारे पुढचे पाऊल टाकले. त्यात दोन खेळाडू लागतच, कारण यंत्राला शत्रूची भूमिका करता येत नव्हती. प्रत्येकाने विमानवाहू जहाज, विनाशिका, पाणबुडी, सुरुंग पेरणारे, सुरुंग काढणारे, सैन्यवाहू अशा प्रकारांतून लहान ताफे बांधायचे आणि मोठ्या नकाशावर पाठवायचे. दोन ताफे जवळ आले की पडदा जवळून लढाई दाखवी. इंटेलिव्हिजनच्या हातातल्या खोक्यावर सोळा दिशांची चकती आणि बारा कळा होत्या आणि प्रत्येक खेळासाठी कळांवर सरकवायचे छापील आवरण मिळे. त्यामुळे एका कळीच्या जॉयस्टिकपेक्षा अधिक हुकूम देता येत. नकाशा आणि रणभूमी ही दोन पातळ्यांची मांडणी न्यूपोर्टच्या युद्धखेळांतही होती, तिथे एक खेळ मोहिमेचा असे, दुसरा प्रत्यक्ष झुंजीचा. याच कन्सोलसाठी डॉन डॅग्लो यांनी ‘युटोपिया’ केला. त्यात बेटाच्या राज्यकर्त्याला मासेमारीच्या होड्या आणि त्यांना चाच्यांपासून वाचवणाऱ्या गस्ती बोटी यांवर खजिना खर्चावा लागे. समुद्रावर सत्ता ठेवण्याचा खर्च काय, हा प्रश्न घरच्या पडद्यावर इतक्या लवकर मांडला गेला होता.

कन्सोलची खरी कसोटी लागली ती ‘सायलेंट सर्व्हिस’मुळे. सिड मायर यांचा हा पाणबुडीचा खेळ 1985 साली मायक्रोप्रोजने घरगुती संगणकांसाठी काढला आणि 1989 मध्ये रेअर या कंपनीने तो निन्टेन्डोच्या कन्सोलवर उतरवला. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन पाणबुडीचा कप्तान म्हणून खेळाडू जहाजाचा ब्रिज, दुर्बीण, नकाशा आणि यंत्रांच्या तबकड्या यांमध्ये फिरे. संगणकावरील आवृत्तीत वास्तवाची पातळी निवडता येई. कितपत दिसावे, शत्रूच्या ताफ्याने नागमोडी चालावे का, आणि टॉर्पेडो निकामी निघावेत का, हे खेळाडू ठरवी. शत्रूच्या जहाजाचे तोंड आपल्या दृष्टिरेषेशी किती अंशांचा कोन करते, हा अंदाजही स्वतः करून द्यायचा पर्याय होता. निकामी टॉर्पेडोंचा पर्याय मनोरंजनासाठी रचलेला नव्हता. युद्धाच्या पहिल्या दीड-दोन वर्षांत अमेरिकेचा मार्क 14 टॉर्पेडो ठरवलेल्यापेक्षा खोल जाई, वेळेआधी फुटे किंवा आदळूनही फुटत नसे. कप्तान तक्रारी करत होते आणि दारूगोळा विभाग दोष त्यांच्यावर ढकलत होता. जून 1942 मध्ये अमेरिकन पाणबुड्यांचे ॲडमिरल लॉकवूड यांनी ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर पाण्यात जाळे लावून टॉर्पेडो डागून पाहिले, तेव्हा तो ठरवलेल्यापेक्षा सरासरी अकरा फूट खाली जातो हे उघड झाले. खेळाडूने अचूक हिशेब केला, योग्य वेळ साधली, वाट पाहिली आणि तरीही काहीच झाले नाही, हा अनुभव देणारा खेळ इतिहास सांगत होता. त्या मधल्या वेळेत आशा आणि शंका दोन्ही असतात, म्हणून त्या काही सेकंदांत खेळाडू कप्तानाच्या जागी जातो.

1990च्या दशकात मात्र ही परंपरा कन्सोलवर क्षीण झाली. पाणबुडीचे आणि ताफ्यांचे गंभीर खेळ घरगुती संगणकाकडे गेले, ‘सायलेंट हंटर’ 1996 साली तिथेच आला आणि 1999 च्या ‘जेन्स फ्लीट कमांड’च्या नावात तर फ्रेड जेन यांचेच नाव होते. कन्सोलवर वेगवान खेळांची चलती होती. याची दुसरी बाजू पाण्याच्या चित्राची होती. त्रिमिती पडद्यावर सपाट निळा पट्टा चालेना, आणि हलणारे, प्रकाश परतवणारे, जहाज उचलणारे पाणी काढण्याची ताकद यंत्रांत नव्हती. जो समुद्र 1977 साली सर्वांत स्वस्त होता तोच आता सर्वांत महाग झाला. 2001 च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्सवर आलेला ‘ब्लड वेक’ हा त्यातून निघण्याचा प्रयत्न होता. तो केला स्टॉर्मफ्रंट स्टुडिओजने, म्हणजे युटोपियाच्या डॉन डॅग्लो यांनीच स्थापन केलेल्या संस्थेने. पूर्व आशियाची आठवण करून देणाऱ्या काल्पनिक समुद्रात वेगवान लढाऊ बोटी, बंदुका आणि टॉर्पेडो असा हा खेळ. त्याची जमेची बाजू लाटा होत्या. बोट लाटेवर चढली की नळी आकाशाकडे वळे, उतरली की पाण्यात जाई, त्यामुळे नेमाच्या हिशेबात पृष्ठभागच सामील झाला. मात्र झुंजी जवळून आणि वेगाने होत आणि गोळा सुटल्यानंतर विचाराला वाव उरत नसे. पाणी खरे झाले, काळ मात्र आखूड राहिला. हा खेळ पुढे वंश न वाढवता थांबला, यात मला ही उणीव एक कारण वाटते.

पुढची दोन दशके याच अंगाने वाचता येतात. कोएईच्या ‘नेव्हल ऑप्स: वॉरशिप गनर’ने प्लेस्टेशन 2 वर जहाज स्वतः रचण्याची, तोफा आणि चिलखत यांचे वजन तोलण्याची संधी दिली. 2007 सालच्या ‘बॅटलस्टेशन्स: मिडवे’ने एक्सबॉक्स 360 वर नकाशा आणि सुकाणू दोन्ही एकाच खेळाडूच्या हाती ठेवून सी बॅटलची मांडणी पुन्हा उभी केली. 2013 साली ‘असॅसिन्स क्रीड 4: ब्लॅक फ्लॅग’ने अठराव्या शतकातला कॅरिबियन समुद्र कोट्यवधी खेळाडूंपर्यंत नेला. त्यात गोळा कुठे जाईल याची रेषा पडद्यावर उमटते, म्हणजे पल्ल्याचा अंदाज यंत्रच करून देते. पण तोफा जहाजाच्या कुशीला असल्यामुळे आधी सगळे जहाज वळवावे लागते, मधे उंच लाट आली की मारा अडतो, आणि म्हणून वाट पाहण्याची शिस्त तिथे वेगळ्या रूपाने उरते. वॉरगेमिंग कंपनीच्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरशिप्स’ची कन्सोलसाठीची आवृत्ती ‘लेजंड्स’ 2019 साली आली आणि तिच्यात जेन यांच्या पुठ्ठ्याची जवळजवळ सगळी अंगे दिसतात. लांब पल्ल्यावर गोळा दहा सेकंदांच्या आसपास हवेत राहतो. तोवर समोरच्याने सुकाणू फिरवले तर नेम फुकट. गोळे एका ठरावीक क्षेत्रात विखुरतात, जशी जेनची टोचणी बाजूला टेके. चिलखताची जाडी आणि गोळ्याचा कोन यांवरून तो घुसेल की घसरून जाईल हे ठरते, म्हणून अनुभवी खेळाडू आपले जहाज शत्रूकडे तिरके धरून ठेवतो.

या मांडणीवर पहिला आक्षेप अचूकतेचा आहे. खऱ्या लढाईतले अर्धे मिनिट खेळात दहा सेकंदांवर आणले, जहाजे नकाशाच्या मानाने पळवली, चोवीस किलोमीटरच्या जागी निम्मा पल्ला ठेवला, मग हा इतिहासाचा वारसा कसा म्हणायचा? उत्तर असे की संक्षेप हा युद्धखेळाचा जुना धर्मच आहे. न्यूपोर्टच्या फरशीवर महासागर एका दालनात बसवला होता आणि लिव्हरपूलला रात्रभराचा पाठलाग काही तासांत खेळला जाई. पाहायचे ते प्रमाण. गोळा हवेत असताना लक्ष्याला निसटण्याइतका वेळ मिळतो का आणि तो मिळणार हे मारणाऱ्याला आधी ध्यानात घ्यावे लागते का, एवढे टिकले तर सेकंद कमी झाल्याने गाभा जात नाही. दुसरा आक्षेप गेमपॅडचा. माउसने जो नेम साधतो तो अंगठ्याच्या छोट्या दांडीने साधत नाही, म्हणून कन्सोल अशा खेळाला अपुरा, असे संगणकावरचे खेळाडू म्हणतात. पायदळी गोळीबाराच्या खेळांपुरते त्यात तथ्य आहे, तिथे निमिषार्धात नेम फिरवावा लागतो. हजारो टनांच्या जहाजाचे सुकाणू मात्र वळवल्यावर परिणाम दिसायला वेळ लागतो, तोफांचे बुरूज सावकाश फिरतात आणि पुढची फैर भरायला काही सेकंद जातात. हाताच्या चपळाईपेक्षा आधी घेतलेला निर्णय इथे अधिक मोलाचा. कन्सोलच्या साधनातली ढोबळता जहाजाच्या जडत्वात सहज सामावते. बैठकीत चार हात लांब बसून खेळण्याच्या या यंत्राला आरमारी लढाई इतकी मानवते त्याचे हे कारण आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि त्याला पुरते उत्तर नाही. 24 मे 1941 रोजी ब्रिटिश युद्धनौका हूड बुडाली तेव्हा 1400 हून अधिक माणसांपैकी तिघे वाचले. पडद्यावर जहाज बुडते, काही आकडे चढतात आणि खेळाडू पुढच्या डावात शिरतो. बॉयलरच्या खोलीत अडकलेला माणूस, तेलाने माखलेल्या पाण्यातला खलाशी यांना तिथे जागा नाही. ही उणीव केवळ व्हिडिओ गेमची नाही. जेनच्या पुठ्ठ्यावर माणसे नव्हती, लिव्हरपूलच्या खडूच्या रेषेवरही नव्हती. पण लिव्हरपूलच्या खोलीतले खेळाडू दुसऱ्या आठवड्यात खऱ्या ताफ्याबरोबर निघत, त्यांना माणसांची आठवण करून द्यावी लागत नसे. घरच्या खेळाडूला ती आठवण मिळायला हवी आणि बहुतेक खेळ ती देत नाहीत. म्हणून या खेळांनी युद्ध कळते असा दावा मी करणार नाही. त्यांनी कळतो तो युद्धातला एक भाग : अपुऱ्या माहितीवर वेळेत निर्णय घेणे, तो मागे घेता न येणे आणि त्याचा परिणाम येईपर्यंत थांबणे. तो भाग लहान असला तरी खरा आहे, आणि आरमाराच्या इतिहासात कप्तानांची पारख त्यावरच झाली.

चौथा आक्षेप पैशाचा आहे. आजचे बरेच आरमारी खेळ फुकट मिळतात आणि आत गेल्यावर जहाजे, सेनानी आणि नशिबाच्या पेट्या विकतात. यात मला खरा धोका दिसतो आणि तो या लेखाच्या मुद्द्याशी थेट भिडतो. जे जहाज पैसे मोजून अधिक बळकट मिळते, ते हिशेबाची किंमत कमी करते. यामातोवरच्या पंचाने हुद्द्यापुढे मान तुकवली, तशी यंत्राच्या पंचाने पाकिटापुढे तुकवली तर खेळ शिकवेनासा होईल. त्याच्या जोडीला जतनाचा प्रश्न आहे. अटारीचे काडतूस आजही यंत्रात घालून चालवता येते आणि 1977 साली सरळ जाणारा टॉर्पेडो आजही तसाच सरळ जातो. सर्व्हरवर चालणारा खेळ मात्र कंपनीने सर्व्हर बंद केला की नाहीसा होतो, त्याचे नियम सारखे बदलत राहतात आणि पाच वर्षांपूर्वीचा खेळ कसा होता हे तपासायला काही उरत नाही. जेन यांचे पुठ्ठे संग्रहालयात पाहता येतात, लिव्हरपूलचे डर्बी हाउस आज संग्रहालय म्हणून खुले आहे. गेल्या दहा वर्षांतल्या आरमारी खेळांचा असा काही मागमूस राहावा, तर खेळाचे नियम नोंदवण्याचे आणि सर्व्हरशिवाय चालणारी प्रत मागे ठेवण्याचे बंधन कंपन्यांवर असले पाहिजे, आणि खेळाडूंनी ते मागितले पाहिजे. पुढचा आरमारी खेळ हाती आला की त्याची पारख पाण्याच्या चमकेवर किंवा जहाजांच्या संख्येवर करू नये. कळ दाबल्यानंतर आपला निर्णय परत घेता येतो का, आणि तो लागू होईपर्यंत समोरच्याला विचार करायला वेळ मिळतो का, हे दोन प्रश्न विचारावेत. पहिल्याचे उत्तर नाही आणि दुसऱ्याचे होय असेल, तर तो खेळ क्लार्कच्या टेबलापासून चालत आलेल्या घराण्यातला आहे आणि त्याला इतिहासात जागा दिलीच पाहिजे.